इरण्णांचं पथ्य आणि अख्खी गल्ली

सोलापूरहून परतल्याला पाच महिने होत आले, तरी जो भेटतो तो अजून एकच विचारतो, "चादर आणलीत का? शेंगाचटणी आणलीत का?" दोन्ही आणल्या. चादर अंगावर घेते आहे आणि चटणी मी कुलपात ठेवली आहे. पण मी काही खरेदीला गेले नव्हते. मी एका माणसाचं वजन उतरवायला गेले होते, आणि आठ दिवसांत त्या गावानं माझं जे काही केलं ते लिहून काढल्याशिवाय माझं डोकं काही ताळ्यावर यायचं नाही.

मी पुण्यातल्या एका इस्पितळात रोग्यांच्या आहाराचं काम बघते. कॉलेजातली माझी मैत्रीण शारदा सोलापूरच्या भुसार व्यापाऱ्याच्या घरी दिली आहे. तिचे यजमान इरण्णा, वय पंचेचाळीस, स्वभावानं लोण्यासारखे आणि अंगानंही. त्यांना हर्निया झालेला. तिथल्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्या चरबीवर मी सुरी चालवणार नाही. आधी वजन उतरवा, आणि लवकर उतरवा, कारण आतडं एकदा अडकलं की मग उतरवायला वेळ मिळायचा नाही. शारदा पुण्याला येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "सुमन, तू ये गं. घरात माझं कोणी ऐकत नाही."

मी रजेचा अर्ज दिला तेव्हा आमचे साहेब हसले. "सोलापूर? अहो, परवाच्या दुष्काळात तिथली माणसं अमेरिकेतून आलेली मायलो ज्वारी खाऊन जगली. तिथं लठ्ठपणा शोधायला निघालात?" साहेबांना वाटतं, एका जिल्ह्यात एकच रोग असतो. मी वाद घातला नाही. वाद घालायची माझी सगळी ताकद पुढे लागणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

स्टेशनापासून घरापर्यंत

शारदानं घरचा नेहमीचा टांगा पाठवला होता. टांगेवाला दस्तगीर, काटकुळा म्हातारा. वाटेत गिरणीचा भोंगा झाला आणि पाळी सुटलेले कामगार सायकलींवरून लोंढ्यानं समोर आले. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत अशी एकेक माणसं. पाच मिनिटांनी टांगा व्यापाऱ्यांच्या गल्लीत वळला, आणि तिथं प्रत्येक दुकानात गादीवर तक्क्याला टेकून दुसरा एक तक्क्या बसलेला. एकाच गावात, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना हे दोन प्रकार! मला तिथंच साहेबांची आठवण झाली आणि चीड आली.

दारात इरण्णांच्या आई उभ्या होत्या. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अव्वा म्हणतात, कानडीत आई. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या शारदाला म्हणाल्या, "ही तुजी डाक्टरीन व्हय? हिलाच कोन जेवू घालत न्हाय वाटतं."

मी डॉक्टर नाही, हे सांगायला तोंड उघडलं तोवर समोर ताट आलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, गरगट्टा म्हणजे पालेभाज्या आणि डाळ एकत्र घोटलेली, दही, आणि चटणी. ती चटणी मी तोंडात टाकली आणि दोन घटका मी कशासाठी आले आहे तेच विसरले. शेंगदाणे उखळात इतके कुटायचे की त्यांचं तेल सुटून गोळा लाल चकचकीत होतो. आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारतात, नको म्हटलं की सुटका. इथं मी नको म्हटलं तर अव्वांनी वाढलं. शारदानं मला कानात शिकवलं की कानडीत "साकु" म्हण, म्हणजे पुरे. मी म्हटलं, "साकु." अव्वा खूश झाल्या. "बग, कानडी बी येतंय!" आणि त्या आनंदात आणखी अर्धी भाकरी माझ्या ताटात पडली.

काटा

घरात माणसाचं वजन करायला काही साधन नव्हतं. इरण्णा म्हणाले, "दुकानात पोत्याचा काटा हाय की. त्याच्यावर बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात गेलो. इरण्णा धोतर सावरत काट्यावर चढले आणि हमालांनी हातातली कामं टाकून कडं केलं. मापाड्यानं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि एका पोत्यापेक्षा मालक वरचढ निघाल्यावर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. इरण्णा लाजले. लाजले ते आनंदानं! मी म्हटलं, "अहो, हा आकडा खाली यायला हवा." मापाडी दचकला. "खाली? बाई, घट म्हंजी व्यापारात तोटा असतोय. मालकाची घट झाली तर बाजारात काय म्हनतील?"

"काय म्हणतील?"

"न्हाय, म्हंजी, मानूस उगाच वाळत न्हाय. गिरनीत बगा की. वाळला की खोकला हाय म्हनून समजा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं आहे. या गावानं माणूस बारीक होताना पाहिला तो क्षयानं, नाहीतर दुष्काळानं. मुद्दाम बारीक होणारा माणूस त्यांनी पाहिलेलाच नाही.

स्वयंपाकघरात

पथ्य मी सोपं ठेवलं होतं. सोपे नियम पाळायला सोपे, असं मी इस्पितळात शिकवते. तो धडा मी आता शिकवणार नाही.

मी सांगितलं, दुपारी भाकरी एकच. अव्वांनी एकच केली. तवा झाकला जाईल एवढी. मी सांगितलं, साखर बंद. साखर बंद झाली आणि गुळाची ढेप निघाली. मी सांगितलं, तळलेलं काही द्यायचं नाही. इरण्णांच्या ताटात चटणीचा डोंगर. मी विचारलं, "अव्वा, ह्यात तेल नाही का?"

"तळलंय कुटं? उखळात घातलंय."

"पण त्यातून तेल सुटलंय ना!"

"ते शेंगदान्याचं हाय. म्या वरनं वतलं न्हाय."

शारदा खाली मान घालून हसत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती ताक आणायला उठली. इरण्णा बिचारे दोघींच्या मधे बसून कुणाचंही मन न मोडता जेवत होते. सगळा घोळ तिथंच आहे. त्या माणसाला भूक फारशी नाही. त्याला नाही म्हणता येत नाही.

तळ्याकाठी

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की ताटावर माझी सत्ता नसेल तर पायांवर असू दे. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. पोटाला पट्टा बांधून सावकाश चालायला सर्जनची हरकत नव्हती.

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोहोचतो तर मागून टापांचा आवाज. दस्तगीर.

"क्या जी मालक, पैदल?"

"व्हय रे. ताईनी चालायला सांगितलंय."

"चालो जी, चालो. मैं पीछे हूं."

आणि तो खरोखरच मागे आला. आम्ही चाललो तसा टांगा चालला, आम्ही थांबलो तसा थांबला. रिकामा टांगा मागे आणि मालक पायी पुढे, ही मिरवणूक बघायला लोक दारात आले. मी दस्तगीरला दरडावून परत जायला सांगितलं. तो माझ्याशी बोलला नाही, घोडीशी बोलला. "लोगां बोलेंगे, मालक का दिवाला निकल्या. नहीं तो बोलेंगे, दस्तगीर मर गया."

तळं सुंदर आहे. मधोमध देऊळ, सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर, पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका, पलीकडे किल्ल्याचे बुरूज. मी ते धड दोन मिनिटंही पाहू शकले नाही. कारण दर वीस पावलांना कुणीतरी इरण्णांना गाठून विचारत होतं, "काय मालक, बरं न्हाय व्हय?" आणि प्रत्येक जण चहाला बसवत होता. सोलापूरच्या चहात दूध जास्त की साखर, हे सांगणं कठीण आहे. चालून जे गेलं असेल त्याच्या दुप्पट चहातून पोटात आलं. परतताना इरण्णांना धाप लागली, पोटाला हात लावून ते एका पायरीवर बसले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुखणं लगेच ओसरलं. पण त्यांना पुढे चालवायची माझी हिंमत झाली नाही. दस्तगीर त्यांना हाताला धरून टांग्यात घेऊन बसला. मीही मुकाट्यानं चढले.

गल्लीत

त्या दिवसापासून घात सुरू झाला. मालक पायी हिंडतात, मालकांची भाकरी एकावर आली, पुण्याची डाक्टरीन घरात मुक्कामाला आहे, एवढ्या तीन गोष्टी गल्लीला पुरल्या. दुपारपासून बायका भेटायला येऊ लागल्या. आणि आजाऱ्याला भेटायला या गावात कुणी रिकाम्या हातानं जात नाही.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या गौरक्का, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, गल्लीतलं बारसं असो की बारावं, पुढे असणाऱ्या. त्यांच्या हातात शेंगापोळ्यांचं ताट. त्यांच्या मागून दुसरी, मग तिसरी. मी म्हणायची, पथ्य आहे. त्या म्हणायच्या, "म्हनून तर आनलं. पथ्यानं तोंडाची चव जाती की." समोर बसून इरण्णांनी एक घास घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एक घास म्हणजे काय, हे प्रत्येकीच्या हातावर अवलंबून.

आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हीही रीत. म्हणून अव्वा प्रत्येक ताटात आपल्या घरचं काहीतरी घालून पाठवत होत्या, आणि त्यामुळे चूल दिवसभर पेटलेली. पथ्य सुरू होण्यापूर्वी त्या घरात जेवढं रांधलं जात नसेल तेवढं पथ्यामुळे रांधलं जात होतं! चौथ्या दिवशी काट्यावर इरण्णा थोडे वाढलेलेच निघाले. हमालांना हायसं वाटलं.

मी रात्री शारदावर ओरडले. तिचा काय दोष? पण मला एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली होती आणि त्या गोष्टीनंच माझा संताप वाढत होता. आम्ही इस्पितळात रोग्याच्या हातात कागद देतो: हे खा, हे खाऊ नका, नियमानं चाला. जसं काही माणूस एकटा जेवतो आणि एकटा चालतो. इरण्णांचं वजन इरण्णांनी एकट्यानं वाढवलेलंच नव्हतं. ते आईनं वाढवलं, शेजारणींनी वाढवलं, चहावाल्यानं, टांगेवाल्यानं, काट्यावर टाळ्या वाजवणाऱ्या हमालांनी वाढवलं. पथ्य द्यायचं तर अख्ख्या गल्लीला द्यायला हवं. पण गल्ली काही नाव नोंदवून माझ्यासमोर बाकावर येऊन बसत नाही.

शुक्रवार

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, गल्ली आपण होऊन येऊन बसली. संध्याकाळी सोप्यात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, पंधरावीस बायका जमल्या. इरण्णा दुकानात होते. गौरक्कांनी डबा उघडला आणि माझा ताबा सुटला.

"बाई, तुम्ही हे प्रेमानं करता हे मला कळतं. पण ऐका. ह्यांचं वजन उतरलं नाही तर ऑपरेशन होणार नाही. ऑपरेशन झालं नाही तर आतडं कधी अडकेल ते सांगता येत नाही, आणि अडकलं तर माणूस हाताला लागायचा नाही. कळलं का? तुमच्या ह्या डब्यांनी हा माणूस मरेल!"

गौरक्कांनी डब्याचं झाकण लावलं. एकेक जण डोळ्यांना पदर लावून उठून गेली. अव्वा आत निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. निदान एकदाचं समजलं, असं मी शारदाला म्हटलं. त्या रात्री एकही ताट आलं नाही आणि मी ताकभाकरी खाऊन गाढ झोपले.

शनिवार

ज्यांना शेवटापर्यंत जीव टांगणीला लागलेला सोसत नाही त्यांच्यासाठी आत्ताच सांगते, की इरण्णांचं ऑपरेशन पुढे चार महिन्यांनी झालं आणि सुखरूप झालं. पण माझ्या प्रवासाचा शेवट शनिवारी संध्याकाळीच झाला.

दिवे लागायच्या सुमाराला सोप्यात गेले तर भिंतीच्या कडेनं ताटं मांडलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकावर धुतलेला रुमाल. बायका आल्या होत्या, पुरुषही आले होते, दस्तगीर दाराशी केळ्यांचा फणा घेऊन उभा होता. मला काही उमजेना. कालच तर मी सांगितलं!

इतक्यात इरण्णा दुकानातून आले. ताटं बघून त्यांचा चेहरा खुलला. वाकून एक रुमाल उचलला. "खवापोळी! गौरक्काची." दुसरा उचलला. "धपाटे. ही पलीकडच्या मामीची." तिसरा, चौथा. प्रत्येक ताटात त्यांच्या आवडीची वस्तू, जिला जी आठवली ती. मग ते थांबले. आजूबाजूला पाहिलं. गौरक्का रडत होत्या.

"काय झालं? कोन मेलंय?" इरण्णांनी विचारलं.

गौरक्काच म्हणाल्या, "कोन न्हाय रे बाबा. पन मानसाच्या मनात काय ऱ्हाऊ नये. खाऊन घे."

मी त्यांना सांगितलं होतं की हा माणूस मरेल. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं होतं, आणि त्या अर्ध्यावर ही गल्ली जे करायचं ते करून मोकळी झाली होती. जाणाऱ्याची इच्छा मागे राहू द्यायची नाही. डोकं आपटून घ्यावं तर कुठल्या भिंतीवर, सगळ्या भिंतींना ताटं लागलेली!

इरण्णांनी एका हातानं पोट धरलं, वाकले, खवापोळीचं ताट उचललं आणि दाराबाहेर पडले. शारदा मागे धावली, मीही हाताला आलं ते ताट उचलून धावले. दस्तगीरनं टांगा पुढे घेतला. "बैठो जी."

"नगं," इरण्णा म्हणाले. सात दिवसांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ते शेजारच्या घरी गेले आणि ताट उंबऱ्यावर ठेवलं. "गौरक्का, म्या अजून हाय. ठिऊन घे."

मग मामीच्या घरी. मामी भडकल्या. "भरलं ताट माघारी? अपशकुन की रे मेल्या!"

"खाल्लं असतं तर रिकामंच आलं असतं, मामी. मग तुमी आमच्याकडं रडाय आला असता."

असं दारोदार. धाप लागत होती, मधेमधे कट्ट्यावर टेकत होते, पण टांग्यात बसले नाहीत. शारदा आणि मी आळीपाळीनं घरातून ताटं आणून त्यांच्या हातात देत होतो. लोक दारात उभे राहून बघत होते आणि कुणी चहाला थांबवलं नाही. दस्तगीरनं केळ्यांचा फणा कुणी न सांगताच परत टांग्यात ठेवला.

घरी आलो तेव्हा सोपा रिकामा झाला होता. फक्त कोपऱ्यात काशाची एक वाटी राहिली होती. इरण्णांनी झाकण काढलं. हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. "ही कुनाची ऱ्हायली?"

शारदानं मान खाली घातली. माजघराच्या दारात अव्वा उभ्या होत्या.

"अव्वा," इरण्णा म्हणाले, "तू बी?"

अव्वा तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "तुज्या बानं जाताना हुग्गी मागितली हुती. डाक्टर नगं म्हनला. म्या दिली न्हाय. तीन दिस मागत हुता." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मलाही कुठं बघावं ते कळेना. सहा दिवस मी ज्या बाईशी भाकरीच्या आकारावरून भांडले, तिनं एकदा डॉक्टरचं सगळं ऐकलं होतं. रडू यावं अशी वेळ होती आणि मला रडू आलं.

इरण्णा वाटी घेऊन आईशेजारी बसले. वाटी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

"माजी ऱ्हाऊ दे, अव्वा. आप्रेशन हुईस्तवर ऱ्हाऊ दे माजी इच्छा. मला मागं काय तरी ऱ्हायलेलं पायजे."

अव्वांनी नाक पुसलं, आणि मी आल्यापासून जे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं.

"ए पोरी. उद्या सकाळी ह्याला काय देऊ, ते सांग. सावकाश सांग."